फोटो विकला, पण नेमके काय विकले?

१९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ या अमेरिकी मासिकाला गायक प्रिन्सचे चित्र हवे होते. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये टिपलेला त्याचा कृष्णधवल फोटो मासिकाने ४०० डॉलरला घेतला आणि त्यावरून अँडी वॉरहॉलकडून चित्र करून घेतले. परवान्यातली अट स्वच्छ होती. नोव्हेंबर १९८४ च्या अंकात एकदा पानभर, एकदा पाव पानात. याखेरीज कोणताही वापर नाही. वॉरहॉलने मात्र त्याच फोटोवरून आणखी १५ कलाकृती केल्या. २०१६ मध्ये प्रिन्सचे निधन झाले, तेव्हा त्यातली एक ‘व्हॅनिटी फेअर’च्या मालक कंपनीने काढलेल्या विशेषांकाच्या मुखपृष्ठावर झळकली. वॉरहॉल फाउंडेशनला १० हजार डॉलर मिळाले. गोल्डस्मिथ यांना पैसे नाहीत, श्रेयही नाही.

वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२३ मध्ये तो ७ विरुद्ध २ मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने लागला. न्यायालयापुढचा प्रश्न ‘उचित वापरा’चा, म्हणजे परवानगीविना केलेला वापर कितपत चालतो याचा होता, पण आपण नेमके काय दिले होते आणि काय दिले नव्हते, हे गोल्डस्मिथ इतक्या वर्षांनंतरही दाखवू शकल्या, कारण ते लिहिलेले होते.

आपल्याकडे हा व्यवहार बहुतेकदा फोनवर उरकतो. वारीचा, रायगडाचा, कासच्या फुलांचा चांगला फोटो दिसला की निरोप येतो, ‘मोठी फाइल पाठवा, खाली नाव टाकू.’ फाइल जाते. अंकासाठी दिलेला फोटो पुढे दिनदर्शिकेवर, मग एखाद्या गृहप्रकल्पाच्या फलकावर दिसला, तर छायाचित्रकाराच्या हाती दाखवायला काहीच नसते. घर भाड्याने देताना ११ महिन्यांचा करार न चुकता करणारा माणूसही फोटो मात्र तोंडी देतो. नाव छापणे हे श्रेय आहे, मोबदला नव्हे. या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मागितल्याच पाहिजेत.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ इथे छायाचित्रकाराच्या बाजूने बराच उभा आहे. फोटो काढताच हक्क निर्माण होतो, नोंदणीची सक्ती नाही. तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. वापराचा परवाना लेखी हवा, असे कायदाच सांगतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता. पण एक कलम अनेकांना ठाऊक नसते. कुणी पैसे देऊन मुद्दाम फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने ते आपल्या जाहिरातीत वापरण्याआधी हे आठवावे, आणि कंपनीसाठी काम घेणाऱ्याने तर कॅमेरा उचलण्याआधीच.

करारासाठी वकिली भाषा लागत नाही. पुढच्यासारखा मजकूर ईमेलवर लिहून समोरच्याची ‘मान्य’ अशी लेखी पोच घेतली, तरी छोट्या व्यवहाराला ते पुरते: ‘सोबत जोडलेला अमुक क्रमांकाचा फोटो आपल्या यंदाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर एकदा वापरता येईल; छापील अंक आणि त्याची डिजिटल प्रत, दोन्हींत. जाहिरात, दिनदर्शिका किंवा अन्य वापरासाठी वेगळी परवानगी लागेल. फोटो तिसऱ्या कुणाला देता येणार नाही. कॉपीराइट माझ्याकडेच राहील. आतल्या पानावर नाव छापावे. मोबदला इतके रुपये, अंक छपाईला जाण्यापूर्वी.’

यातला प्रत्येक शब्द किंमत ठरवतो. एकदाच वापर आणि वर्षभर वापर यांचा दर एक असू शकत नाही. ‘हा फोटो दुसऱ्या कुणाला देऊ नका’ अशी मागणी आली, तर छायाचित्रकाराची पुढची कमाई थांबते. अशा मागणीचा आकार वेगळा लावावा, मुदतही लिहावी. ‘सर्व हक्क, कायमचे, सर्व माध्यमांत’ ही ओळ दिसली की सही करण्याआधी थांबावे. मग तो परवाना राहत नाही, जवळजवळ विक्रीच होते, आणि ती किरकोळ रकमेला करू नये.

फोटोत ओळखू येणारा माणूस असेल तर आणखी एक कागद हवा. वारकरी आजींचा चेहरा बातमीसोबत छापणे वेगळे आणि औषधाच्या जाहिरातीत वापरणे वेगळे. जाहिरातीसाठी त्यांची लेखी संमती घेतली आहे का आणि ती कुणी घ्यायची, हे करारात लिहिले नाही तर सगळेच अडचणीत येतात. त्यात सर्वाधिक अन्याय त्या आजींवर होतो.

लेखी परवाना ग्राहकालाही वाचवतो. परवानगीविना जाणूनबुजून वापर केल्याचे सिद्ध झाले तर कायद्यात सहा महिने ते तीन वर्षांच्या कैदेची आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणून संपादकांनी आणि जाहिरात संस्थांनी छायाचित्रकाराने विषय काढण्याची वाट पाहू नये. फोटो मागणाऱ्या पहिल्याच मेलमध्ये वापर, मुदत आणि रक्कम त्यांनी स्वतःहून लिहावी.