स्क्रूजची थकबाकी

‘हृदयपरिवर्तन’ हा शब्द कीर्तनांतून, नाटकांतून आणि चित्रपटांतून आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो, की तो कानी पडताच सुज्ञ वाचकाच्या ओठांवर थोडे हसू यावे. अखेरच्या अंकात खलपुरुष डोळे पुसतो, हात जोडतो आणि पडदा पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने नेमके काय केले, हे सहसा कोणी सांगत नाही. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही छोटेखानी कादंबरी मला मोलाची वाटते ती एवढ्यासाठी, की तिचे शेवटचे प्रकरण म्हणजे ती दुसऱ्या दिवसाची सकाळच आहे.

कथा पुष्कळांच्या परिचयाची असेल. एबेनेझर स्क्रूज हा लंडनचा पेढीवाला. बाजारात त्याच्या सहीला पत आहे. रस्त्यात मात्र कोणी त्याला थांबवून क्षेमकुशल विचारीत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाचे आमंत्रण घेऊन आलेल्या भाच्याला तो हुसकावून लावतो. गरिबांसाठी वर्गणी मागावयास आलेल्या दोघा गृहस्थांना, देशात तुरुंग आणि निराधारांना राबवून घेणारी वर्कहाउसे चालू आहेत ना, असे विचारून वाटेला लावतो. तेथे जाण्यापेक्षा कित्येकांना मरण बरे वाटते असे ते म्हणताच, मग मरावे आणि फाजील लोकसंख्या कमी करावी, असे सुनावतो. दाराच्या किल्लीच्या भोकाशी वाकून नाताळचे गाणे म्हणणाऱ्या एका पोरावर रूळ उगारतो. कारकून बॉब क्रॅचिट शेजारच्या खोलीत जेमतेम एका कोळशाच्या विस्तवावर थंडी काढतो, कारण कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत असते. त्याच रात्री सात वर्षांपूर्वी वारलेला भागीदार मार्ले कमरेला पेट्या, किल्ल्या, कुलुपे आणि खातेवह्या यांची साखळी ओढीत येतो. आणि त्याच्यामागून भूत, वर्तमान व भावी नाताळांचे तीन आत्मे.

एका रात्रीत माणूस बदलतो कसा, हा आक्षेप जुनाच आहे. स्वतःचे थडगे पाहून तो भ्याला, एवढेच उत्तर असते तर आक्षेप मान्य करावा लागला असता. भीतीने सुधारलेला माणूस भीती ओसरताच पूर्वपदावर येतो. परंतु डिकन्सने भीतीला तिसरा क्रम दिला आहे. पहिला आत्मा स्क्रूजला दाखवितो ती त्याची ओसाड शाळा. सुटीत सारी मुले घरी गेली आहेत. एकच मुलगा मंद शेकोटीजवळ पुस्तक वाचीत बसला आहे. तो मुलगा म्हणजे आपणच, हे ओळखून म्हातारा स्क्रूज रडतो. त्यानंतर बाहीने डोळे पुसून तो पुटपुटतो की काल दाराशी गाणाऱ्या पोराला काहीतरी द्यावयास हवे होते. पश्चात्तापाचा पहिला अंकुर एवढा लहान आहे. पुढे ज्या दुकानात तो उमेदवारी करीत होता तेथील मालक फेझिविग नोकरांना नाचगाण्याची मेजवानी देताना दिसतो. त्यात दोनचार पौंडच तर खर्च झाले, असे आत्मा मुद्दाम डिवचतो. स्क्रूज उसळून उत्तरतो, की चाकरी हलकी की जड करणे हे धन्याच्या हाती असते आणि ते शब्दांत, नजरेत, बेरजेत न मावणाऱ्या गोष्टींत असते. बोलता बोलता तो थांबतो. आपल्या कारकुनाशी आत्ता दोन शब्द बोलता आले असते तर बरे झाले असते, असे त्याला वाटते. अमूर्त पश्चात्ताप कोठेच नाही. प्रत्येक वेळी काल दुखावलेला कोणीतरी एक माणूस समोर उभा राहतो. टायनी टिम हा क्रॅचिटांचा पांगळा मुलगा जगेल काय, असे तो दुसऱ्या आत्म्याला विचारतो, तेव्हा ‘फाजील लोकसंख्या’ हे त्याचेच शब्द त्याला ऐकविले जातात.

हे दुःख डिकन्सच्या ऐकीव माहितीतले नव्हते. 1824 साली त्याचे वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटाच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्या लागल्या. ही हकीकत जगाला कळली ती 1870 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर, जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. 1843 साली बालमजुरांसंबंधीचा सरकारी अहवाल वाचून तो आधी एक पत्रक काढणार होता. ते राहिले, त्याऐवजी सुमारे सहा आठवड्यांत ही कथा लिहून झाली. 19 डिसेंबर 1843 रोजी पुस्तक निघाले आणि नाताळच्या आत सहा हजार प्रती खपल्या. किंमत पाच शिलिंग. बॉबचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग. म्हणजे बॉबला स्वतःची गोष्ट विकत घ्यावयाची तर आठवड्याची तृतीयांश कमाई घालवावी लागली असती! श्रीमंताच्या मनाला पाझर फोडून दारिद्र्य हटत नाही, ही या पुस्तकावरील टीका मला रास्त वाटते. पण पत्रक आज किती जणांनी वाचले असते?

आपल्याकडचा वाल्याही खडे मोजीत असे; रांजण भरले की पापांचा हिशेब. नारदाने डोळे उघडताच त्याने वाटमारी सोडली, घरदार सोडले आणि वारुळाआड बसला. स्क्रूजला ती मोकळीक नाही. तो त्याच पेढीवर, त्याच खातेवह्यांपाशी परत जातो.

नाताळच्या सकाळी रस्त्यात कालच्या त्या दोघांपैकी एक गृहस्थ भेटतो. स्क्रूज त्याच्या कानात एक आकडा सांगतो. गृहस्थ थक्क होतो. आकडा डिकन्स आपल्याला सांगत नाही. सांगतो ते एवढेच, की त्या रकमेत मागील पुष्कळशी बाकी धरलेली आहे. ‘दान’ हा शब्द स्क्रूजच्या तोंडी येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची थकबाकी वसूल करणारा हा माणूस प्रथमच स्वतःची थकबाकी काढतो. आदल्या रात्री तिसऱ्या आत्म्याला, माझ्या मरणाने कोणाच्या मनात काही हालले काय, असे त्याने विचारले होते. उत्तरादाखल त्याला दिसले एक कर्जदार जोडपे. सावकार मेला, आता पुढचा धनको इतका निष्ठुर तरी नसेल, म्हणून सुटकेचा श्वास टाकणारे.

दुसऱ्या दिवशी बॉब साडेअठरा मिनिटे उशिरा येतो. स्क्रूज थोडे रागाचे सोंग करतो (विनोद करण्याची सवय नसलेल्या माणसाचा तो पहिलाच विनोद, म्हणून जरा भीतिदायकच), पगार वाढवितो, आणि आधी कोळशाची नवी बादली आण, मग लिहावयास बस, असे फर्मावतो. मोठ्या टर्कीपेक्षा मला ही बादली अधिक भावते. टर्की एका दिवसाची. बादली रोज लागते.

सगळीच बाकी मात्र फिटत नाही. बहीण फॅन केव्हाच वारली आहे. पहिल्या आत्म्याने तिला एक मूल होते, हे आठवून देताच स्क्रूज अस्वस्थ होऊन केवळ ‘होय’ म्हणाला होता. ते मूल म्हणजेच काल हुसकावलेला भाचा फ्रेड. नाताळच्या दिवशी त्याच्या दारावरून दहाबारा फेऱ्या मारून मग कोठे धीर करून म्हातारा दार ठोठावतो. जिच्याहून सोने प्रिय मानले त्या वाग्दत्त वधूचे, बेलचे, देणे कोणाला द्यावयाचे? तिचा संसार कधीच थाटला गेला आहे. पुस्तकात ती पुन्हा येत नाही. रुळाला भिऊन पळालेला गाणारा पोरही पुन्हा येत नाही.

टिम मात्र वाचतो. तो मेला नाही, हे सांगणारे चार शब्द डिकन्सच्या मूळ हस्तलिखितात नाहीत. छपाई चालू असताना ते मागाहून घातले गेले.