दगडावरची चाल

माझ्या गायनाच्या वर्गातील एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीत आईवडिलांबरोबर बालासिनोरला जाऊन आला. जवळच्या रैयोली गावी डायनोसॉरांची अंडी आणि हाडे सापडली, हे आता बडोद्यातील बहुतेक घरांत ठाऊक आहे. तेथील हाडांवरून ज्याला २००३ मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे भारदस्त नाव मिळाले, तो मांसाहारी प्राणी आपल्या शेजारचाच म्हणायचा. २०१९ पासून तेथे संग्रहालयही आहे. मुलगा सगळे पाहून आला आणि तंबोरा जुळवता जुळवता मला विचारू लागला, “गुरुजी, पण तो चालायचा कसा?”

भूगर्भशास्त्राशी माझा संबंध तंबोऱ्याच्या भोपळ्याइतकाच. तरी प्रश्न मनातून जाईना. याचे कारण ‘चाल’ हा शब्द. पदाला चाल असते आणि प्राण्यालाही चाल असते. आपल्या भाषेने दोन्हींना एकच शब्द दिला आहे. हाडांवरून देह उभा करता येतो. चाल मात्र पावलांच्या ठशांत असते. तीही एका ठशात नव्हे, तर एका ठशापासून दुसऱ्यापर्यंतच्या अंतरात असते. १९७६ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने याचे गणित मांडले. पावलाच्या लांबीच्या साधारण चौपट पायाची उंची धरायची, दोन टाकांमधील अंतर मोजायचे, की त्या प्राण्याचा वेग अजमावता येतो. म्हणजे लय काढता येते! एकटा ठसा हा एकटा स्वर होय. त्यावरून राग कोणता ते सांगता येत नाही.

येथे घरची एक गोष्ट सांगतो. माझे वडील राजवाड्यातील वादकांपैकी. दसऱ्याला सनईवर वाजायची एक खास चाल त्यांना आजोबांकडून आली होती. ती स्वरलिपीत उतरवून घेण्याचे मी वर्षानुवर्षे पुढे ढकलले. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये ज्या गावात गायनशाळा उघडली, स्वरलिपीची पुस्तके काढली, त्या गावातील संगीतशिक्षकाने हे करावे! वडील गेले. सनई खोळीत आहे, पण ती चाल आता कोणालाही येत नाही.

म्हणून अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या पॅलक्सी नदीची हकीकत वाचताना मी चपापलो. नदीच्या खडकाळ पात्रात सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या पाऊलवाटा आहेत. १९३० नंतरच्या मंदीत तेथील गरीब लोक हे ठसे फोडून विकीत. खरे पुरेनात तेव्हा छिन्नीने खोटेही कोरीत. राक्षसी मनुष्याची पावलेसुद्धा त्यांनी कोरली. अशीच कोरलेली पावले १९३८ मध्ये एका दुकानात पाहून रोलंड बर्ड हा न्यूयॉर्कच्या संग्रहालयाचा माणूस नदीपर्यंत पोहोचला. त्याला एका अवाढव्य शाकाहारी प्राण्याची वाट आणि तिच्या लगत एका मांसाहारी प्राण्याची वाट दिसली. पाठलागच दगडावर उमटला आहे, असे त्याचे मत झाले. आजचे अभ्यासक ते निःशंकपणे मानत नाहीत. पण असा वाद तरी घालता येतो, तो दोन्ही वाटा शेजारी होत्या म्हणूनच.

१९४० मध्ये बर्डने त्या वाटेचे तुकडे कापून काढले. एक भाग न्यूयॉर्कला गेला, दुसरा टेक्सासमधल्याच ऑस्टिनला. ऑस्टिनचा दगड पुढे झिजत गेला. वाट मात्र तुटली ती तुटलीच. सुदैव एवढेच, की कापण्यापूर्वी बर्डने नकाशे काढले होते, छायाचित्रे घेतली होती. त्यांतील बारा छायाचित्रांवरून २०१४ मध्ये संशोधकांनी ती सगळी वाट संगणकावर पुन्हा जुळवली. बर्डने आपली स्वरलिपी वेळेवर लिहून ठेवली होती. मी ठेवली नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. २०१४ मध्ये जयपूरला ज्युरासिक काळाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या निमित्ताने जैसलमेरजवळच्या थैयात गावी डायनोसॉरांच्या पावलांचे ठसे आढळले. एक सुमारे तीस सेंटिमीटरांचा, दुसरा जेमतेम साडेपाच सेंटिमीटरांचा. म्हणजे एक हत्तीच्या वाटणीचा तर दुसरा कोंबडीच्या. पुढे २०२१ च्या सुमारास त्यांतील एक ठसा जागेवर नाही, अशी बातमी वृत्तपत्रांत आली. नेणाऱ्याच्या हाती दगडच लागला असेल, आणि जागेवर उरला असेल खड्डा.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. अशा स्थळांची नासधूस करणाऱ्याला त्यात शिक्षा व दंड आहे. असा कायदा हवाच, याबद्दल दुमत नसावे. तथापि मला त्यात एक उणीव भासते. हे ठसे शोधतो कोण? इंग्लंडात ऑक्सफर्डशरच्या एका खाणीत चिकणमाती खरवडताना एका कामगाराला यंत्राखाली विचित्र उंचवटे लागले. त्याने ते सांगितले म्हणून जून २०२४ मध्ये शंभरावर माणसांनी तेथे खोदकाम केले, आणि १६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे सुमारे दोनशे ठसे उजेडात आले. एके ठिकाणी मांसाहारी प्राण्याची वाट दुसऱ्यांच्या वाटेला छेदून जाते. बोलिव्हियातील सुक्रे शहराजवळची हजारो ठशांची भिंत सिमेंटच्या खाणीनेच उघडी पाडली. तिचा एक भाग २०१० मध्ये कोसळलाही. जी खाण ठसे दाखवते तीच त्यांना खाते. अशा वेळी निर्णय कुदळ हाती असलेल्या मजुराचा असतो. आपल्याकडील मजुराने उंचवटा पाहून तोंड उघडावे, तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडता कामा नये आणि खाणमालकाचा रोषही त्याच्यावर येता कामा नये. दंडाची भीती घातली तर तो मुकाट्याने दुसरा घाव घालील. शोध कळवणाऱ्यास बक्षीस आणि खाणीच्या बंद काळाची भरपाई, एवढे तरी कायद्यात यावे.

दुसरे असे, की प्रत्येक ठशावर संग्रहालय बांधण्याची आपली हौस आवरावी. १९६६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात रॉकी हिल येथे सरकारी इमारतीचा पाया खोदताना बुलडोझर चालवणाऱ्या माणसाला असेच ठसे लागले. काम थांबले, इमारत दुसरीकडे गेली. एकूण दोन हजारांच्या आसपास ठसे निघाले. त्यांतील पाचशेंवर घुमट उभारला, तेवढे लोक पाहतात. उरलेले दीड हजार, मोजमाप झाल्यावर, पुन्हा मातीखाली झाकून ठेवले. ऊन नाही, पाऊस नाही, छिन्नीही नाही. आमच्या मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग ते अजून चालतच आहेत की, गुरुजी.” मी त्याला सा धरायला सांगितले.