घर रिकामं करण्याआधी डोक्यावरचं ओझं मोजा

आठ दिवस पेजवर काही टाकलं नाही. रान मोकळं आहे, पण आम्ही मोकळे नाही. आमचं औसा तालुक्यातलं जुनं माळवदाचं घर दुरुस्तीला काढलंय. मृगाच्या आत काम आवरायचं, म्हणून बिऱ्हाड शेतातल्या आखाड्यावर हलवायची तयारी चालू आहे. ते करताना जे उमगलं, ते लिहितो. पटलं नाही तर बिनधास्त सांगा.

आधी आमचीच चूक सांगतो. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव गाढ झोपलेलं, पहाटे चारच्या आत सगळं हललं. आमचं घर पडलं नाही, भिंतींना भेगा पडल्या. पुढं दुरुस्तीसाठी मदत आली. आम्ही काय केलं? जुन्या घराच्या भेगा सिमेंटनं लिंपल्या आणि त्या पैशात भर घालून शेजारी एक पक्की खोली बांधली. त्या खोलीत सोयाबीनची पोती आणि गार वाटतं म्हणून माणसं माळवदाखाली. तीस वर्षं असंच चाललं. पक्क्या छताखाली माल आणि मातीच्या छताखाली लेकरं! हे फक्त आमच्या घरी नाही, आमच्या भागात चार घरं फिरलात तर दोन ठिकाणी दिसेल.

आता माळवदाचा हिशोब करू. लाकडी खांब, तुळया, त्यावर सर, किलच आणि वर पांढरी माती. दरसाल पावसाळ्याआधी गळू नये म्हणून नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. असं करत आमच्याकडं दोन फूट थर झाला. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट. घनफुटाला 45 किलो धरली तरी नऊ टन. म्हणजे नव्वद क्विंटल! नव्वद क्विंटल सोयाबीन डोक्यावर रचून आपण खाली निवांत झोपतो. भिंतही वरून जाडजूड दिसते, पण ती दोन पदरी. बाहेरून दगड, आतून दगड, मधे माती आणि कपच्या. दोन्ही पदर धरून ठेवणारे आरपार दगड नसले की हादऱ्यात पदर सुटतात आणि वरचं ओझं खाली येतं.

धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, "दादा, जेसीबी लावू, दोन दिवसांत पाडू, सागवान विकू, स्लॅब टाकू." त्याचं सगळंच चूक नाही. भिंत फुगली असेल, लाकडाला वाळवी असेल तर पाडलेलंच बरं. पण आमचं लाकूड ठणठणीत आहे, हे इंजिनिअरनं येऊन ठोकून बघितलं. मग त्याच्या सल्ल्यानं ठरलं ते असं: माती आठ इंचावर आणायची, म्हणजे नऊ टनांचे तीन टन होतात. खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरपे लोखंडी टेकू द्यायचे. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार सिमेंटचे दगड घालायचे आणि वरून चारी भिंतींना सळईचा काँक्रीट पट्टा फिरवायचा. एक गोष्ट मात्र बिलकुल करू नका: जुन्या दगडमातीच्या भिंतीवर नुसता स्लॅब. खालची भिंत कच्ची ठेवून वर ओझं वाढवायचं, ही दुरुस्ती नव्हे.

खरं भांडण झालं ते पक्क्या खोलीवरून. तिथं भाव वाढेल म्हणून ठेवलेलं 38 क्विंटल सोयाबीन. भाऊ म्हणाला, माल राहू द्या, माणसं आखाड्यावर. आबा म्हणाले, मी कुठंच जात नाही, ओसरीवर निजतो. वर मजूर माती काढणार आणि हे खाली निजणार! दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "भावासाठी खोली अडवलीय, मग म्हाताऱ्या माणसांनी उन्हाच्या पत्र्याखाली जायचं का?"

आबा तेव्हा बोलले. 93 ला ते गावातल्या पोरांबरोबर किल्लारीला माती उपसायला गेले होते. एवढंच म्हणाले, "माती लई खोल होती रे. आवाज यायचा, पण हात पोचत नव्हता." तीस वर्षांत पहिल्यांदा हे आमच्यासमोर काढलं. आणि त्यानंतरही ते दरसाल माळवदावर माती टाकत होते, कारण गळकं घर डोळ्यांना दिसतं, ओझं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सोयाबीन विकलं. भावात मार खाल्ला, खोटं कशाला बोलू. पण खोली मोकळी झाली. तिथं आता आबा, माय आणि बियाण्याची सहा पोती. बाकी आम्ही आखाड्यावर. पोरगी बारावीला आहे आणि आखाड्याची लाईट शेतीच्या फिडरवर, कधी दिवसा तर कधी रात्री. म्हणून तिला लातूरला आत्याकडं पाठवलं.

बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी:

1. घरचं सोयाबीन बियाणं पत्र्याच्या शेडात ठेवू नका, उष्णतेनं उगवण घटते. पोती आपटू नका, साल पातळ असतं. खाली फळ्या टाका, चार-पाचच्या वर थप्पी नको. हलवण्याआधी आणि पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. सत्तर निघाले तर एकरी 30 किलो, कमी निघाले तर त्या मानानं बियाणं वाढवा.

2. आखाड्याच्या पत्र्यावर दगड ठेवू नका, हुकानं आवळा. मार्च 2024 मध्ये हिंगोलीकडच्या धक्क्यानं नांदेड हललं, तेव्हा प्रशासनानं पत्र्यावरचे दगड काढायला सांगितलं होतं. माझी सासुरवाडी अर्धापूरकडं, तिथं ते काढले आणि पुढच्या वाऱ्यात पुन्हा ठेवले!

3. माती सगळीकडून सारखी उतरवा, तुळयांना आधी टेकू द्या. त्या वेळी घरात कोणी नको.

4. ही माती खारी असू शकते. परीक्षण केल्याशिवाय काळ्या रानात पांगवू नका.

भूकंपानंतर नव्या गावांत घरं जमिनीच्या मानानं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची मिळाली. पक्की मिळाली, पण कडबा, जनावरं, अवजारं कुठं ठेवायची? म्हणून कित्येकांनी शेजारी पत्रे टाकले. शेतकऱ्याच्या घराचा नकाशा काढताना घरातल्या बाईला आणि म्हाताऱ्यांना आधी विचारा. आणि चौरस फूट मोजायच्या आधी कशाखाली कोण झोपतं, ते मोजा.

सोमवारी माती उतरवायला सुरुवात. आबांनी पहिली पाटी मीच खाली आणणार म्हणून सांगितलंय. शिडीवर चढू द्यायचं का, यावर घरात अजून एकमत नाही.

तुमच्याकडं माळवद आहे का? थर किती? मोजून कळवा.