बॅटरी बदलण्यापूर्वीं

घागर फुटली तर खालीं ओल येते आणि घरांतील लहान मूलही छिद्र दाखवितें. मोटारीच्या बॅटरींतून वीज झिरपून गेली तर असें कांहीं दिसत नाहीं; सकाळीं मोटार मुकाट्यानें उभी राहते, एवढीच काय ती खूण. अशा वेळीं आपण काय करतों, याविषयीं विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना दोन शब्द सांगावेत, असें गेल्या वर्षीं माझ्या घरीं घडलेल्या प्रसंगावरून वाटतें.

माझ्या वडिलांची इ. स. १९६४ सालची एक मोटार आमच्याकडे आहे. ती रविवारीं बाहेर काढावी, एरवीं छपराखालीं उभी असावी, असा क्रम. एका रविवारीं ती सुरू होईना. दुकानदार म्हणाला, "बॅटरी जुनी झाली." नवी आणली, पुढच्याच रविवारीं तीही निपचित! तेव्हां मीं दुसरा निवाडा केला. नववींतील माझा मुलगा शनिवारीं मोटार पुसतो. त्यानेंच कोठला तरी दिवा चालू ठेवला असला पाहिजे. तो "नाहीं" म्हणाला. मी त्याला रागें भरलों आणि पुसण्याचें काम त्याच्याकडून काढून घेतलें.

वर्गांत विज्ञान शिकविणाऱ्या माणसानें केवळ तर्कावर शिक्षा द्यावी, ही गोष्ट त्या रात्रीं मला टोचूं लागली. बॅटरी पुन्हां भरून घेतली आणि एका स्नेह्याकडून मीटर उसना आणला.

रीत साधी आहे. किल्ली काढावी, दारें लावावीं, बॅटरीपासून सांगाड्याला गेलेली तार सोडवावी आणि त्या तारेच्या व बॅटरीच्या मध्यें अँपिअर मोजणारा मीटर जोडावा. त्या स्थितींत इंजिन मात्र सुरू करूं नये. स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर लागतात, तेवढे मीटरला सोसत नाहींत. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, म्हणून जवळ विस्तव नसावा. आजच्या मोटारींत निरनिराळीं यंत्रें सदैव जागीं असतात, म्हणून साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह क्षम्य मानतात. जुन्या मोटारींत, विजेचें घड्याळ नसेल तर, कांटा शून्याजवळच असावयास हवा. आमच्या मीटरनें ०.४ अँपिअर दाखविला.

आंकडा लहान, पण गणित करून पहा. ४० अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबानें १०० तासांत, म्हणजे चार दिवसांहून थोड्या अधिक काळांत, रिती होते. शिवाय ०.४ ला १२ व्होल्टांनीं गुणिलें असतां सुमारें ५ वॅट येतात. ही तर एका लहान दिव्याची भूक! अपराधी कोण असावा, तें आंकड्यानेंच सुचविलें.

मग एकेक फ्यूज काढून पाहूं लागलों. दुसरा काढतांच कांटा शून्यावर आला. त्या फ्यूजवर भोंगा, आंतला दिवा आणि डिकींतला दिवा, असे तिघे अवलंबून होते. फ्यूज परत बसविला. भोंग्याची तार सोडविली, कांटा तसाच. आंतला बल्ब काढला, तरी तसाच. शेवटीं डिकी उघडून तेथील बल्बला हात लावला, तों बोट भाजलें. झांकण मिटल्यावर दिवा विझविणारी कळ गंजून अडकली होती. झांकण उघडावें तर दिवा लागलेला दिसे, आणि तें योग्यच वाटे. मिटल्यावर आंत तो जळतो कीं नाहीं, हें पाहणार कोण?

मुलगा निर्दोष होता. पहिली बॅटरीही कदाचित् निर्दोषच असेल. शिशाची बॅटरी वारंवार पूर्ण रिती झाली म्हणजे तिच्या पत्र्यांवर सल्फेटाचे स्फटिक जमून घट्ट होतात आणि तिची शक्ति कायमची घटते. कारण न शोधतां नवी बॅटरी घालणें म्हणजे तिलाही त्याच वाटेनें धाडणें होय.

कोणी म्हणतील, "एवढी यातायात कशाला? बॅटरी तोडणारी एक कळ बसवावी आणि रात्रीं ती बंद करावी." दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या मोटारीला ती कळ उपयोगी आहे, हें मान्य. परंतु तिनें गळती थांबते, दोष जात नाहीं. तोच दोष एखाद्या उघड्या पडलेल्या तारेचा असेल, तर कळ चालू करून मोटार रस्त्यावर नेल्यावर तो आग लावूं शकेल.

पालकहो, मुलाला गुण कमी पडले कीं आपण शिकवणी बदलतों, नाहीं तर त्याला आळशी म्हणतों. त्याला फळ्यावरचें दिसतें काय, रात्रीं झोंप पुरते काय, कोणता धडा समजला नाहीं, हें एकेक करून पाहण्याचे कष्ट आपण घेतों काय? आम्ही शिक्षकही या दोषांतून सुटलों नाहीं. वर्गांत खडू हरवला कीं ठरलेल्याच मुलाकडे आमची नजर जाते. विद्यार्थिमित्रहो, तुम्हींही मित्रावर आळ घेण्यापूर्वीं थोडें थांबावें.

मीं मुलाची क्षमा मागितली. कळ त्यानेंच घासून साफ केली. आतां दर महिन्याला मीटर तोच लावतो, आणि वहींत आंकडा लिहून मला दाखवितो.