पावतीपुस्तकापलीकडची स्वच्छता

महापालिकेचा आरोग्य निरीक्षक बाजारपेठेत आला की पहिली धांदल उडते ती हातगाडीवाल्याची. त्याच रस्त्यावरचे एखादे प्रशस्त उपाहारगृह मागच्या दाराने खरकटे गटारात लोटत असते. पण पावतीपुस्तक तिथवर पोहोचतेच असे नाही. आपल्या शहरांच्या अस्वच्छतेचे मूळ दुखणे हेच आहे. नियमांची वानवा कधीच नव्हती. वानवा आहे ती निःपक्ष अंमलबजावणीची.

या संदर्भात सुरतचे उदाहरण मननीय आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये तापीच्या पुराचे पाणी ओसरले. सखल वस्त्यांत चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे कुजत राहिली, आणि पाठोपाठ प्लेगच्या वार्तेने शहर हादरले. मृतांची नोंद पन्नासच्या आसपास झाली. पण भयापोटी लाखोंनी शहर सोडले. पोटासाठी खानदेशातून तेथे गेलेली मराठी कुटुंबेही त्या लोंढ्यात होती. हिरे आणि कापड यांवर वैभव मिळवलेली नगरी साध्या कचऱ्यापुढे हतबल ठरली.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी कोणतीही जादू केली नाही. शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला निर्णयाचे अधिकार दिले. वातानुकूलित कक्षातील अधिकारी रोज सकाळी रस्त्यावर दिसू लागले. मुख्य रस्त्यांची सफाई रात्री होऊ लागली. महत्त्वाचे म्हणजे, अतिक्रमणावरचा पहिला घाव गरिबाच्या टपरीवर नव्हे, तर धनदांडग्यांच्या बांधकामांवर पडला. दुसरीकडे झोपडवस्त्यांत फरसबंदी, पाणी आणि शौचालये पोहोचली. आधी सोय, मग दंड, आणि दंड सर्वांना सारखाच, हे लोकांना पटले. १९९६ मध्ये 'इन्टॅक'च्या पाहणीत सुरत देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले. आयुक्त बदलले, तरी घडी विस्कटली नाही. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतने इंदूरसह पहिला क्रमांक मिळवला.

याच्या नेमके उलट चित्र पुण्याने १८९७ मध्ये पाहिले. प्लेग खराच होता, उपायही आवश्यक होते; पण रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत, थेट देवघरांपर्यंत घुसले. तपासणीची झडती झाली आणि लोक आजारी माणसांनाच लपवू लागले. परक्या सत्तेला लोकांच्या विश्वासाची गरज वाटली नाही. त्या संतापाची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत झाली.

आज सत्ता आपली आहे. मग तपासणी आपली का वाटू नये? कोणत्या उपाहारगृहाची, मंडईची वा सोसायटीची तपासणी झाली आणि कोणाला दंड झाला, याची यादी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागण्यास कोणती अडचण आहे? वशिल्याचा फोन आला तरी पावती फाडणाऱ्या निरीक्षकाच्या पाठीशी किती नगरसेवक उभे राहतील?

प्रश्न नागरिकांनाही आहे. स्वतःचे अंगण झाडून केर रस्त्यावर लोटणाऱ्याला प्रशासनावर बोट ठेवण्याचा अधिकार उरत नाही. तो केर पहाटे उचलणारा सफाई कामगारही याच समाजाचा घटक आहे. त्याला हातमोजे मिळाले का, याची चौकशी किती सुखवस्तू घरांतून होते? ही चौकशी ज्या दिवशी सुरू होईल, त्या दिवशी निरीक्षकाचे निम्मे काम हलके होईल.