आकड्यांची पदवी, गावची पत

बँका, विमा कंपन्या आणि पतसंस्था यांच्या संगणकांत रोज जमा होणाऱ्या माहितीचा, म्हणजे आता सर्रास जिला डेटा म्हटले जाते तिचा, उपयोग कसा करावा हा अलीकडे पदव्युत्तर शिक्षणाचा एक स्वतंत्र विषय बनला आहे. कोणती माहिती गोळा करावी, ती कोणाच्या हाती द्यावी, तिच्या आधारे कर्ज कोणास द्यावे आणि कोणास नाकारावे, या प्रश्नांचा त्यात विचार होतो. प्रथम परदेशी विद्यापीठांनी व त्यांच्यामागोमाग आपल्याकडील व्यवस्थापनसंस्थांनी हा विषय हाती घेतला आहे. विषय नवा आहे, नोकरीची आशा मोठी आहे आणि शुल्कही त्या मानाने जबर आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर त्याकडे ओढला जावा यात नवल नाही. अशा अभ्यासक्रमांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र जो आकडा या विद्यार्थ्याच्या पडद्यावर उमटणार, तो जन्मतो कोठे आणि कसा, हे त्यास कोणी शिकविणार आहे काय, एवढा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

या शिक्षणासाठी पुण्याइतके योग्य शहर शोधून सापडणे कठीण. गोखले अर्थशास्त्र संस्था येथे १९३० साली स्थापन झाली. सहकाराच्या व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी वैकुंठ मेहता संस्था १९६७ साली, तर रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय १९६९ साली येथेच सुरू झाले. त्याच वर्षी स्थापन झालेली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थाही आज येथेच आहे. १९८० साली स्थापन झालेली विम्याची राष्ट्रीय अकादमीही पुढे पुण्यानेच आपलीशी केली. अध्यापक, ग्रंथालये, संगणक यांची वाण नाही. वाण आहे ती या शहरापासून एकशेतीस-चाळीस किलोमीटरवर असलेल्या इंदापूर तालुक्याशी जिवंत संबंधाची.

त्या तालुक्यातील वरकुटे हे नाव उदाहरणादाखल घेऊ. वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द अशी या नावाची दोन गावे तालुक्यात आहेत. महाराष्ट्रातील हजारो गावांत कर्जाचा कारभार जसा चालतो, त्याहून येथे काही निराळे घडत असेल असे मानण्याचे कारण नाही. शेतकरी सातबारा आणि आठ-अचा उतारा घेऊन विकास सोसायटीत जातो. गटसचिव त्याचे क्षेत्र, पीक व जुनी बाकी पाहून कमाल मर्यादा पत्रकात त्याचे नाव व रक्कम लिहितो. ते पत्रक जिल्हा बँकेच्या शाखेत जाते, मंजूर होते आणि मग शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम पडते. ग्रामीण वित्तव्यवहारातील माहितीचा उगम हा असा आहे. गटसचिवाच्या लेखणीतून उतरलेला आकडा पुढे जिल्ह्याचा, राज्याचा व देशाचा आकडा होतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

एक उदाहरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे. मार्चअखेर जवळ आली की ग्रामीण भागात 'नवे-जुने' हा शब्द कानी पडू लागतो. कर्जदाराजवळ फेडीचे पैसे नसतात, पण वेळेत फेड न झाल्यास व्याजाची सवलत जाते आणि नावापुढे थकबाकीचा शिक्का बसतो. मग तो कोणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांच्या बोलीने, जबर व्याजाने, हातउसने घेतो, सोसायटीचे कर्ज फेडतो, लगेच नवे कर्ज उचलतो आणि त्यातून हातउसन्याची परतफेड करतो. आता संगणकात काय दिसते? वर्षानुवर्षे नियमित फेड करणारा एक उत्तम कर्जदार! त्यात एकही आकडा चुकलेला नाही. रक्कम खरी, तारीख खरी, पावतीही खरी. तरी हकीगत मात्र खोटी, कारण खासगी सावकाराकडील तो पंधरा दिवसांचा मुक्काम कोणत्याही रकान्यात नाही. गावातील शाळकरी पोराला जे ठाऊक असते, ते पदव्युत्तर विद्यार्थ्याला कितीही आधुनिक गणिती सूत्राने कळणार नाही. कारण सूत्राला जे दिले जाते त्यावरच ते चालते.

दुसरे उदाहरण शेतकरी स्त्रीचे. पेरणीपासून मळणीपर्यंत शेतात राबणारी बाई सातबाऱ्यावर बहुधा नसते; नाव असते सासऱ्याचे अथवा नवऱ्याचे. नवरा वारल्यावर वारसनोंद व्हावयास महिनोन्‌महिने लागतात. तोपर्यंत बँकेच्या लेखी ती शेतकरीच नसते. तिची पत वाईट आहे असेही संगणक म्हणत नाही. तो तिच्याविषयी काहीच म्हणत नाही. आणि हे मौन नकाराइतकेच कठोर असते.

इंदापूरने हा धडा दोनशे वर्षांपूर्वीच देशाला दिला होता. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रज अधिकारी प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी केली. प्रत्येक शेताचे उत्पन्न किती, खर्च किती, हे काढून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवावा, अशी त्याची योजना होती. रिकार्डोच्या सिद्धान्तावर उभारलेली ही रचना कागदावर मोठी शास्त्रशुद्ध होती. मात्र तळाची माहिती चुकीची व हाताखालच्या लोकांनी सोयीने भरलेली होती. सारा असह्य झाला, जमिनी ओस पडल्या आणि अनेक शेतकरी गाव सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात गेले. तेव्हा १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासूनच नव्याने आरंभ केला. निव्वळ उत्पन्नाचे अवघड गणित त्यांनी सोडून दिले, मातीची खोली व पोत पाहून प्रती ठरविल्या, सारा हलका केला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे हीच पद्धत साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. त्यांचा हेतूही सरकारी वसुलीचाच होता, हे विसरण्याचे कारण नाही. तथापि सिद्धान्त कितीही उंच असो, पाय शेतात नसतील तर तो रयतेच्या उरावर कोसळतो, हे या तालुक्याने पाहिले आहे.

या कथेस दुसरा भाग आहे. तीस वर्षांनंतर फेरआकारणी झाली, सारा चढला, सावकारी पाश घट्ट झाले आणि १२ मे १८७५ रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी उठाव झाला. लोकांचा मुख्य रोख होता तो सावकारांकडील खतपत्रांवर. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि तरीही आपल्याविरुद्ध साक्ष देतो, तो जाळावा असे त्यांना वाटले. कायदा हाती घेणे समर्थनीय नव्हते. पण त्यांची वेदना खरी होती, आणि म्हणूनच १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आजचा तो न वाचता येणारा कागद म्हणजे पतगुणांक होय. पीककर्जासाठी 'सिबिल'ची अट घालू नये असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले, याचाच अर्थ ती घातली जात होती. आपला गुणांक तीन आकडी का व कसा झाला, हे कर्जदाराला कोणी सांगत नाही. आणि सांगावे म्हटले तर सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

माहिती नीट गोळा केल्यास काय साधते, याचा पुरावाही आपल्याच इतिहासात आहे. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी केली. गोरवाला समितीत धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ होते. १९५४ साली अहवाल आला, तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जापैकी जवळजवळ ७० टक्के सावकारांकडून आणि सहकारी संस्थांकडून अवघे ३.१ टक्के येते, हे उघड झाले. त्या दोन आकड्यांनी देशाच्या सहकारी धोरणाची दिशा बदलली. पाहणी करणारे लोक खेड्यापाड्यांत घरोघर गेले होते, हे त्या आकड्यांच्या बळाचे रहस्य आहे.

याच्या उलट अनुभव २०१७ च्या कर्जमाफीचा. ३४ हजार कोटी रुपयांची व ८९ लाख शेतकऱ्यांच्या लाभाची घोषणा जूनमध्ये झाली. अर्ज संगणकावर भरावयाचे आणि बँकांनी प्रत्येक खात्याची माहिती ६६ रकान्यांत द्यावयाची, असे ठरले. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली; पण याद्या ताडून पाहता बँकेची माहिती व शेतकऱ्याचा अर्ज यांचा मेळ बसेना. एकच आधार क्रमांक अनेकांच्या नावापुढे आढळला आणि रक्कम खात्यावर पडण्यास विलंब झाला. पैसा होता, यंत्रे होती, इच्छाही होती. अडले ते माहितीपाशी. २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले योजनेत अर्जाचा खटाटोप टाळून बँकेच्या खात्यांवरूनच गावोगाव याद्या लावल्या गेल्या व शेतकऱ्याने आपले नाव ओळखून प्रमाणीकरण करावे असे ठरले, तेव्हा काम पुष्कळ सुकर झाले. माहिती-धोरण हा शब्द ज्यांना परका वाटतो, त्यांनी या दोन योजनांची तुलना करावी.

यंत्रावरील अंधविश्वासाची किंमत शहरी ठेवीदारांनीही मोजली आहे. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत एकाच उद्योगसमूहाची कर्जे झाकण्यासाठी २१ हजारांवर बनावट खाती दाखविल्याचे उघड झाले. खाती संगणकातच होती! त्याआधी वर्षभर, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्याद्वारे दोन दिवसांत ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. पहिल्या प्रकरणात माहिती खोटी होती, दुसऱ्यात ती राखणारे कुंपण तोकडे पडले.

आता गती वाढत आहे. देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास केंद्राने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये विनासायास कर्जवाटपाचे सामाईक व्यासपीठ प्रायोगिक स्वरूपात सुरू केले. १ लाख ६० हजारांपर्यंतची किसान कार्डावरील कर्जे त्यात प्रथमपासून आहेत. महिनाभराचे काम काही मिनिटांत होत असेल, तर शेतकऱ्याचे हेलपाटे वाचतील, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु चूकही तितक्याच वेगाने होईल. गटसचिवाची चूक शेतकरी त्याच्या टेबलाशी जाऊन दाखवू शकत असे; दूरच्या यंत्राची चूक तो कोणाला दाखविणार?

म्हणून या नव्या पदव्यांबाबत आमच्या तीन अपेक्षा आहेत. पहिली, विद्यार्थ्याने किमान एक सत्र गावच्या सोसायटीत काढावे. तेही पाहुण्यासारखे नव्हे, तर मार्चअखेरच्या वसुलीपासून खरिपाच्या वाटपापर्यंत गटसचिवाच्या शेजारी बसून. वैद्यकीच्या विद्यार्थ्यास रुग्ण न पाहता पदवी मिळत नाही, मग पतीची चिकित्सा करणाऱ्यास ती का मिळावी? दुसरी, कर्ज नाकारल्याचे कारण कर्जदाराला त्याच्या भाषेत लेखी सांगता येणे हा परीक्षेचा विषय असावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा अधिकार मानतो आणि संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत मिळण्याची सोयही सांगतो. कायद्याने दिलेली मराठी अभ्यासक्रमाने मात्र दाराबाहेर उभी करावी, हे विपरीत होय. तिसरी, या वर्गांत खेड्यांतील मुलामुलींना जागा मिळावी. जिल्हा बँक आणि साखर कारखाने यांनी सभासदांच्या व गटसचिवांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्यास तो खर्च त्यांच्याच कामी येईल.

यावर असे म्हटले जाईल की, या पदवीधरांना मुंबई-बंगळूरमधील मोठ्या कंपन्या घेतात. त्यांचा सोसायटीशी संबंध काय? संबंध हा की, त्या कंपन्यांची सूत्रेच उद्या सोसायटीच्या सभासदाची पत ठरविणार आहेत. मोठा पगार घेऊन दूर बसलेल्या माणसालाच 'नवे-जुने' म्हणजे काय हे ठाऊक असण्याची अधिक गरज आहे. गावी बसलेल्याला ते ठाऊक आहेच. शेतीच्या माहितीचा उपयोग करण्याची धमक या परिसरात नाही असेही नाही. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले. उसाच्या फडातील ओलावा मोजता येतो, तर उसाच्या कर्जातील ओढाताणही मोजता आली पाहिजे.

शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी या विषयाकडे केवळ नोकरीची वाट म्हणून पाहू नये. कोणास पत द्यावी हा प्रश्न अखेरीस कोणावर विश्वास ठेवावा हाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची सत्ता आता थोड्या शिकलेल्या हातांत एकवटत आहे. वरकुट्याच्या शेतकऱ्याविषयी निर्णय घेणाऱ्याने वरकुटे पाहिलेले असावे. आणि त्याहून बरे म्हणजे, निर्णय घेणाऱ्यांत वरकुट्याचेही कोणी असावे. ही तजवीज विद्यापीठांनी आजच केली नाही, तर इंदापूरला पुन्हा एकवार प्रिंगलचा हिशेब भरावा लागेल.