वरचा दात, डोळा आणि आपले मौन

गेल्या पावसाळ्यात भामरागडच्या बाजूची एक पन्नाशीची स्त्री आलापल्लीच्या माझ्या चिकित्सालयात आली. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला होता आणि सूज डोळ्याखालच्या पापणीपर्यंत चढली होती. दंतचिकित्सकाने आठवड्यापूर्वीच दात काढण्यास सांगितले होते. ती गेली नव्हती. "वरचा दात काढला तं नजर जाते म्हणते, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. कोण म्हणते, असे विचारता तिने ज्यांचे वर्णन केले, ते आपल्यापैकीच एक वैद्य होते.

हा केवळ लोकभ्रम म्हणून सोडून देता येत नाही. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानातील मुखरोगचिकित्सेच्या २२ व्या अध्यायात वरचा दात हलत असला तरी तो काढू नये असे बजावले आहे; अतिरक्तस्रावामुळे अंधत्व व अर्दित होण्याचे भय तेथे सांगितले आहे. ज्या काळी स्थानिक बधिरीकरण नव्हते, टाका घालून स्राव थांबविण्याची आजची साधने नव्हती, त्या काळी एका शल्यज्ञाने दिलेला तो प्रामाणिक इशारा होता. त्याच आचार्यांनी दंतशंकू नावाचे शस्त्र वर्णिले आहे आणि अधिदंत काढल्यावर अग्निकर्म करण्यास सांगितले आहे. म्हणजे दात काढण्याला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. इशाऱ्याचे कारण रक्तस्राव हे होते. ते कारण आज आटोक्यात येत असताना तोच इशारा रुग्णाला ऐकविणे म्हणजे ग्रंथाचा आदर नव्हे.

दृष्टीची नाडी आणि दाताची नाडी वेगळ्या आहेत. वरच्या सुळ्याचा पू मात्र डोळ्याखाली सूज आणतो, आणि हीच सूज पाहून लोकांनी दात व डोळा यांची सांगड घातली असावी. धोका आहे तो पू तसाच ठेवण्यात. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीजवळ असतात, त्यामुळे क्वचित तेथे छिद्र पडून पाणी नाकावाटे येऊ शकते. वरच्या दाढेविषयी रुग्णाला काही सांगायचेच असेल तर हे सांगावे, आणि असे झाल्यास नाक जोराने न शिंकरता त्याच दंतचिकित्सकाकडे परत जाण्यास सांगावे.

नोव्हेंबर २०२० मधील अधिसूचनेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी काही शस्त्रकर्मे नमूद केली आणि त्यात दंतनिर्हरणही आले, तेव्हा मोठा वाद झाला. माझ्यासारख्या केवळ बी.ए.एम.एस. वैद्याने त्या वादात शिरण्याचे कारण नाही. मी चिमटा हाती घेत नाही. परंतु सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. दात कोणीही काढो, त्याच्या आधीचा प्रश्न आणि नंतरची रात्र आपल्याच दारी येते.

ती रात्र कशी असते, हे आपण सांगत नाही. बधिरता दोन-तीन तास राहते. तोवर गाल चावला जातो, म्हणून खाऊ नये. कापसाची घडी अर्धा-पाऊण तास दाबून धरावी, दर पाच मिनिटांनी काढून पाहू नये. लाळ दिवसभर गुलाबी राहिली तर घाबरण्याचे कारण नाही. तोंड भरभरून ताजे रक्त येऊ लागले तर आहे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढून उतरते. वेदना मात्र दिवसेंदिवस कमी व्हावयास हवी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उसळून कानापर्यंत गेली, तर खळग्यातील रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडले आहे असे समजून रुग्णाला परत पाठवावे.

ही गुठळी मी स्वतः एकदा घालविली आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत, सकाळी दाढ काढून आलेल्या एका शिक्षकाला मी त्याच संध्याकाळी इरिमेदादि तेलाचा गंडूष दिला. मध्यरात्री ते रक्ताने भिजलेला टॉवेल घेऊन दारात उभे होते. गंडूष, कवल, प्रतिसारण ही आपली उत्तम साधने आहेत; पहिल्या २४ तासांत ती अपथ्य आहेत. नंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलके खळखळावे, आणि तेल जखम सांधेपर्यंत दूर ठेवावे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. दाताच्या दुखण्यावर ॲस्पिरिनची गोळी सहज दिली जाते. तिने रक्त पातळ होते, आणि गोळी दाताशी धरून ठेवली तर हिरडी भाजते. रुग्ण हृदयविकारासाठी ती आधीपासून घेत असेल तर मात्र आपल्या मनाने बंद करू नये. दंतचिकित्सकाला तसे कळवावे.

आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी दोन गोष्टी विचारल्याशिवाय कोणालाही दात काढण्यास पाठवू नये. पहिली सिकलसेल. शस्त्रक्रिया म्हटली की आमचा रुग्ण उपाशीपोटी, पाण्याचा घोटही न घेता पहाटेच्या बसमध्ये बसतो. साध्या बधिरीकरणाखाली दात काढण्यास उपवास लागत नाही. सिकलसेलच्या रुग्णास तर निर्जलता व संसर्ग यांनी तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. दुसरी गोष्ट खर्रा. दात काढल्यावर तो तोंडात धरणे आणि पचापच थुंकणे, दोन्हींनी जखम बिघडते. त्याहून गंभीर असे की, खर्रा खाणाऱ्याचा एखादाच दात अकारण हलू लागला, भोवती पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारा व्रण असला, तर तो दात काढण्याची घाई न करता आधी अर्बुदाची तपासणी व्हावी. पुष्कळदा दात निघतो, खळगा भरत नाही, मग निदान होते, आणि गावात "दात काढल्याने कॅन्सर झाला" असे पसरते. पुढचे दहा जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

ती स्त्री अखेर गेली. मी तिच्या हाती दोन ओळींची चिठ्ठी दिली, भाकरी खाऊन जाण्यास सांगितले आणि सोबत तिच्या मुलाला पाठविले. आठव्या दिवशी परत आली तेव्हा डोळा पूर्ण उघडत होता. आपल्या संघटनेने अशा सूचनांचे अर्धे पान मराठी, माडिया आणि सिरोंचा भागासाठी तेलुगूत छापून प्रत्येक चिकित्सालयात व औषध दुकानात ठेवावे, असा प्रस्ताव मी पुढील सभेत मांडणार आहे. वाचता न येणाऱ्यांना ते वाचून दाखविण्याची जबाबदारी आपली असेल, हेही त्या प्रस्तावात लिहिले आहे.